सात बोल्ट

इसाकभाई म्हणाला, एम-एटीचं पॅकिंग आता कुठं गो,
गाडीच बंद झाली. चिपळूणला बघतो, मंगळवारपर्यंत.
मंगळवारपर्यंत! हर्णै बंदरावरची मांदेली
थांबणार आहे होय मंगळवारपर्यंत?

दुपारी पडवीत गोणपाट अंथरलं, गाडी आडवी घातली,
क्लचच्या झाकणाचे सात बोल्ट सोडवले
आणि निघाले त्या क्रमानं परातीत मांडले.
जुनं पॅकिंग तव्याला करपल्या भाकरीसारखं.
नवऱ्याच्या दाढीच्या पात्यानं खरवडलं, हळू,
ओरखडा गेला तर जन्मभर ठिबकत राहतं.
(नवरा रत्नागिरीच्या ट्रॉलरवर. तिकडे दाढी करत नाही.)

मग कागद शोधत घरभर.
कॅलेंडर पातळ.
बिस्किटाचा पुठ्ठा उंदरानं खाल्लेला.
रेशनकार्डाचं कव्हर नेमकं जमलं असतं,
पण रेशनकार्ड.

फळीवर मिठाच्या बरणीमागे सापडली
भावोजींच्या पोराची लग्नपत्रिका.
होडीच्या वाट्यावरून बोलणं तुटलं त्या साली
कुणाकरवी तरी धाडलेली, दाराच्या कडीत खोचून.
आम्ही गेलो नाही.
भारी कागद. बोटांत धरला की कळतं,
पैसे टाकलेत.

झाकणाच्या काठावर पत्रिका धरली
आणि हातोडीनं कडेकडेनं टुक टुक,
नारळ सोलल्यावर वाजवून बघतो तितकंच.
काठ आपणच कापतो कागद.
भोकांना सायकलच्या बेअरिंगची गोळी:
भोकावर गोळी, गोळीवर ठोका,
खाली टिकली पडते.
एक टिकली 'सहकुटुंब'मधून पडली.
एक 'हरेश्वर'मधल्या श्व-मधून.
मुद्दाम नाही. बोल्टच तिथं होता.
गणपती मात्र मधोमध आला, क्लच फिरतो त्या पोकळीत,
सबंध सुटून हातात राहिला.
तो फळीवर परत ठेवला.

बाकीचं तेलात बुडवलं, चहा होईस्तोवर.
बोल्ट समोरासमोरचे आवळायचे, थोडा हा, थोडा तो,
एकालाच पिळत बसलं की दुसरीकडून उचलतं.
हे इसाकभाईनं नाही शिकवलं.
जळक्या पापलेटाच्या डब्याला चार क्लिपा असतात,
तिथं कळतं.

पहाटे लिलाव, बर्फ, पाटी, आसूदचा चढ.
गाडीनं कुरकुर केली नाही.
दापोलीत ब्लॉकच्या खाली भावोजींची सून उभी,
दीपश्री. नाव पत्रिकेतच वाचलेलं,
सोनेरी अक्षरात, आता कुठल्या बोल्टाखाली कोण जाणे.
"काकी, मांदेली कशी दिलीत?"
काकी म्हणाली.
मी भाव सांगितला, सगळ्यांना सांगते तोच.
वाटा घालताना मूठ जरा सैल पडली.

ती गेल्यावर वाकून गाडीखाली बघितलं.
डांबरावर थेंब नव्हता.
एक होता.
तो बर्फाचा असेल.