घडी

सोंग-कुलच्या काठी मी काढलेला पहिला सूर्योदय
सातीबाल्दीनं नारीनच्या दुकानात पडद्यावर मोठा केला
आणि चहा फुंकत म्हणाला,
"अंडं फोडलंयस तव्यात. मधोमध."

खरंच होतं ते.
वर अर्धं आभाळ रिकामं, खाली अर्धा काळोख
आणि मध्ये तो पिवळा बलक,
ज्याच्यासाठी साडेचारला उठले होते
बोटं बगलेत धरून.

"उगवत्याला नमस्कार सगळेच करतात.
तू जरा बाजूला सरक.
त्याचा उजेड कुणावर पडतो ते बघ."

पुढच्या आठवड्यात कुमीस न्यायला निघालेल्या गाडीतून
पुन्हा वर गेले.
तीन पहाटा ढगांनी गिळल्या.
चौथ्या दिवशी दवात पालथी पडले,
कॅमेरा गवताच्या उंचीला.
सूर्य येईल तो डावीकडे, अगदी कडेला.
उजवीकडे करडी घोडी,
आणि तिच्या पायांतून पाण्याची एक वाकडी रेघ
नजरेला बोट धरून डोंगरापर्यंत नेणारी.
आई चरवी घेऊन जाता जाता थबकली.
"काही हरवलं का गं?"

मग झुंजूमुंजू झालं, तांबडं फुटलं.
सात वेळा बटण दाबलं:
एकदा उजेडासाठी, एकदा काळोखासाठी,
बाकी पाच भीतीपोटी.

दुकानात दोन संध्याकाळी गेल्या.
क्षितिज दीड अंश कललं होतं, ते सरळ केलं.
तळं सावरलं, युर्त मात्र झुकली
(ती झुकलेलीच आहे, गेल्या वर्षीच्या वाऱ्यापासून).
वरचं आभाळ कापलं, तिथं सांगण्यासारखं काही नव्हतं.
सावल्या हळूच उचलल्या,
झोपलेल्या पोरावरची रजई उचलावी तशा.
खाली गवत निघालं, वाळत घातलेलं शेण,
आणि एक कुत्रा,
जो फोटो काढताना मला दिसलाच नव्हता.

लाल वाढवत गेले. आणखी थोडं. आणखी.
सातीबाल्दीनं मनगट धरलं.
"बास. आभाळाला गोवर येईल."
मग मागे आले, सावल्यांत निळा सोडला.
पहाट गार असते,
कागदावरही बोटं बधिर व्हायला हवीत.

उरली उजव्या कडेची पाण्याची टाकी.
निळीशार, चाकांवरची, अक्षरं खरवडलेली.
नजर दर वेळी तिथंच ठेचकाळायची.
शेजारचं गवत उचलून तिच्यावर पेरलं.
चार मिनिटांत तिथं कधी काही नव्हतंच.

वडिलांनी फोटो दोन्ही हातांनी धरला.
सूर्याकडे बघितलंही नाही.
"टाकी कुठंय?"
"काढली."
"कुणाला विकली?"

आई चुलीकडे तोंड करून हसत राहिली.
तेरा मेंढ्या दिल्या होत्या त्या टाकीसाठी.
त्याआधी पाणी घोडीच्या पाठीवरून यायचं.
त्याही आधी आईच्या.

बरं, मी काही पुसलं नव्हतं.
खालच्या थरात टाकी होतीच.
थरासमोरचा तो बारका डोळा मिटला
आणि ती परत आली, आहे तिथं,
सगळी रचना बिघडवत.

सातीबाल्दीच्या काचेत टाकी नसलेली पहाट टांगलीय.
ट्रकवाले थांबतात, विचारतात, कुठलं हे?
आमच्या युर्तीत दुसरी प्रत आहे.
चौकट लहान पडत होती.
वडिलांनी कात्री मागितली नाही, मला विचारलं नाही.
डावीकडून कागदाची घडी घातली,
नखानं दाबली, बसवली काचेमागे.

घोडी आहे. कुत्रा आहे. झुकलेली युर्त आहे.
टाकी आहे, तिची एक कड पेटलेली.

सूर्य मागे दुमडलाय.