दोहावालीनंतर पाणी

रात्री अडीच वाजता
जरीमरीच्या तिसऱ्या मजल्यावर, पत्र्यापाशी,
मी चिमट्याने गाळणीचा कागद काढते.
काल ठेवला तेव्हा सायीसारखा होता,
आज मधोमध करडी टिकली.
एका दिवसाची हवा,
वजनाला मोहरीच्या दाण्याहून हलकी.

डोक्यावरून विमान उतरतं, इतकं खालून
की पोटाखालची चाकं मोजावीत.
सफूरा आपा डोळे न उघडता म्हणतात,
"दोहावाली."
मी घड्याळ बघते. बरोबर.

गच्ची आपांची, वीज आपांच्या मीटरची.
प्रकल्पातून महिना नऊशे रुपये.
पावतीवर त्या सही करतात श्रीवर्धनच्या शाळेतल्या अक्षरात,
आणि वर चहा देतात, त्याची पावती नसते.

लाइपझिगची उटे वरचं बघते:
पस्तीस हजार फुटांवर विमानामागे गोठणारी वाफ,
ती पांढरी रेघ, कधी मिनिटात पुसली जाणारी,
कधी पसरत पसरत ढग होऊन बसणारी,
रात्री जमिनीची ऊब अडवून धरणारी.
मी खालचं बघते.
आमच्या दोघींमध्ये दहा-अकरा किलोमीटर जाडीची हवा
आणि एक सामायिक फाइल,
जिच्यात ती माझ्या आकड्यांखाली पिवळी रेघ ओढते :
हे विमानाचंच कशावरून?

रास्त आहे.
खाली बेकरीची भट्टी पेटते, जुन्या दारांचं लाकूड, रंगासकट.
पलीकडे डंपर. कुणाच्या तरी खिडकीत डासांची अगरबत्ती.
हवा कुणाचं नाव सांगत येत नाही.
भट्टीचा कण त्यातल्या त्यात जाडा;
विमानाचा असा, की केसाच्या जाडीत
तीनेक हजार रांगेने उभे राहतील.
तो ओळखायला वाऱ्याची दिशा लागते
आणि वेळ, मिनिटाबरहुकूम.

मार्चमध्ये चार रात्री वेळच हरवली.
वीज गेली, आली, पुन्हा गेली,
यंत्र कण मोजत राहिलं, पण त्याचं घड्याळ
एक जानेवारी एकोणीसशे सत्तरवर जाऊन बसलं.
आकडे होते, रात्र नव्हती.
मी उटेला लिहिलं, चार दिवस टाकून देऊ.

आपांनी रेशनच्या पिशवीतून वही काढली.
पाण्याची वही. वॉर्ड ऑफिसात तक्रार करायला ठेवलेली,
सहा वर्षांची, कोपरे मऊ झालेली.
"चौदा तारीख. दोहावालीनंतर चाळीस मिनिटांनी नळ. वीस मिनिटं.
मध्ये दोन मोठी, एक मालवाली, आवाज फाटका.
पंधरा. दोहावाली उशिरा. पाणी नाही."
रात्री जागणाऱ्या बाईला घड्याळ बघायला
दिवा लावावा लागत नाही.

मी तिच्या ओळी आणि यंत्राचे उंचवटे शेजारी ठेवले.
फाटक्या आवाजाच्या जागी सगळ्यात उंच टोक.
पंधराव्या रात्री उशीर, तिथे टोकही उशिरा.
उटेने दोन दिवस काहीच लिहिलं नाही.
तिसऱ्या दिवशी पिवळी रेघ नव्हती.

कागद बर्फाच्या पेटीतून जर्मनीला जातात,
अर्थात विमानाने.
उडणारी पश्चिमेला जातात, जुहूवरून समुद्रावर;
त्यांचा धूर वारा आमच्याकडे परत आणतो.
पेटी गेली त्या रात्रीच्या कागदावरही टिकली होती.
हे निबंधात कुठे घालायचं, कळलं नाही.
गेल्या वर्षी मीही गेले होते परिषदेला. खिडकीची जागा मागून घेतली होती.

लेखकांची नावं अकरा. उटे म्हणाली, बारावं टाकू.
मी आपांना विचारलं.
"टाका की," त्या म्हणाल्या,
"पण पाण्याचंही लिहा."

लिहिलं. तक्ता चार, शेवटचा रकाना :
नळ आल्याची वेळ.

परीक्षक क्रमांक दोन विचारतात :
या रकान्याचा विषयाशी संबंध काय?

लॅपटॉप मांडीवर आहे, उत्तराची जागा कोरी.
तीन वाजून दहा मिनिटं.
खाली नळ खाकरायला लागलाय,
आपा हंडा घेऊन उठल्यात.