रिकामा रकाना

साबणाच्या वडीएवढा डबा.
घणसोली गावठाण, तळमजला, तांदळाच्या पिंपावर पाट,
पाटावर तो, आणि त्याचा एकच हिरवा डोळा
मिटतो, उघडतो, मिटतो.

पहिला प्रश्न भाषेचा.
मराठी सापडली, मलयाळमच्या खाली,
अर्धीमुर्धी: एका बटणावर 'जतन करा',
शेजारच्यावर 'कॅन्सल'.
चालेल. आम्हीही तसंच बोलतो.

दुसरा, वेळेचा.
यादीत मुंबई नाही, ठाणे तर नाहीच.
आपल्या घड्याळाचं नाव कोलकाता.
बरं, कोलकाता.
भिंतीवरचं घड्याळ मात्र
सात मिनिटं पुढेच राहिलं, नेहमीसारखं.

मग म्हणालं, मला नाव द्या.
'खाडी' लिहिलं.
खाडी आता सेक्टरांच्या पलीकडे सरकलीय,
भरतीला फक्त वास येतो घरात.

गाणी कुठे आहेत?
गाणी एका फुटक्या फोनच्या कार्डावर.
एकसष्ट फाइली, नावांच्या जागी नुसते आकडे,
सहा लग्नं आणि एकटी बामीआत्या,
हळदीच्या रात्री मांडवाच्या खांबाला टेकून
धवला म्हणणारी, पहाटेपर्यंत,
मध्ये दोनदा चहा, एकदा तपकीर.

शोधतोय, शोधतोय, म्हणत राहिलं.
मी महापेच्या सेकंड शिफ्टचा डबा धुऊन आलो
तरी शोधतच होतं.

एकसष्ट सापडली.
कलाकार अज्ञात. अल्बम अज्ञात.
साल एकोणीसशे सत्तर, सगळ्यांचं.
यंत्राला काही ठाऊक नसलं
की ते सत्तरपाशी जाऊन बसतं.
आत्याला वाचून दाखवलं.
ती सुपारी कातरायची थांबली.
"सत्तर? त्याच साली
आपल्या शेतांना नोटीस लागली ना रं?"
आणि पुन्हा कातरू लागली.
साल मी बदललं नाही.

कलाकाराच्या रकान्यात तिचं नाव टाकायला घेतलं,
बामीबाई पर्यंत पोचलो,
तिनं मनगट धरलं.
"माझा नाव नको. गाना माझा नाय.
माझ्या सासूचा पन नव्हता."
मग कोणाचं?
"जिचा लगीन, तिचा."

दर्शना. भाविका. तेजल.
दोन रात्री टाइप करत बसलो.
हर्षाली, जिच्या हळदीत कुकरची शिट्टी आहे.
करुणा, जिच्या हळदीत लाइट गेली
आणि अंधारात आत्याचा आवाज उलट वाढला.
सहावीपाशी बोट थांबलं.
हेमाली, माझी सख्खी बहीण,
दोन वर्षांत परत आली, बॅग एकच,
वरच्या मजल्यावर राहते, शिवण घेते,
त्या लग्नाचं घरात कुणी काढत नाही.
तिच्या अकरा फाइलींचा रकाना
रिकामाच ठेवला.

उरलेले प्रश्न सोपे होते.
सगळी गाणी समान आवाजात वाजवू? नको.
मधली शांतता गाळू? नको रे बाबा,
तिथे ती श्वास घेते.
कोणाकोणाला ऐकू द्यायचं?
तळमजला. पहिला. दुसरा.
पासवर्ड कागदावर लिहून
तिन्ही फ्रिजवर चिकटवला.

रात्री दीडला पाणी प्यायला उठलो.
हिरवा डोळा भराभर लुकलुकत होता.
मोबाइलवर पाहिलं:
खाडीला एक जण जोडलेला, दुसरा मजला.
तिथवर वायफायची एकच काडी पोचते,
गाणं अडखळत असणार.
फाइल त्रेचाळीस. कलाकार अज्ञात.
चार मिनिटं, पाच मिनिटं, थांबलं.
पुन्हा पहिल्यापासून.

राउटर फ्रिजवर होता.
आवाज न करता उचलला,
वायर पुरेल तितका
जिन्याच्या पायरीवर नेऊन ठेवला.
वायर तिसऱ्या पायरीपर्यंतच पुरली.