सर्वसाधारणपणे राहतात

नमुना सहा. रकाना: घर क्रमांक.
नवशी रामा भोये म्हणाली, 'लिही, पायरी.'
कितवी?
ती पाण्यापासून वर मोजायला लागली
आणि मध्येच थांबली.
'पाणी कुठून धरायचं? आजचं, का आखाडातलं?'
मी नुसतं 'पायरी' लिहिलं, पेन्सिलीनं.

एरवी मी महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवते.
यादीच्या दिवसांत गळ्यात बिल्ला घालून दारोदार.
बेल वाजवली की आतून आवाज येतो,
नको, नको, काही घ्यायचं नाही.
हिनं मात्र मलाच गाठलं,
गाडगे महाराज पुलाखाली, द्रोण लावता लावता:
'यादीवाली बाई तूच ना?'

वयाचा पुरावा?
'तीन सिंहस्थ काढले गंगेवर.
पहिल्याला पोरगी कडेवर होती.
दर खेपेला पोलीस उठवतात, साधू यायचे म्हणून.
साधू गेले की आम्ही येतो.'
मी बोटांवर बाराचा पाढा म्हटला.

मग पिशवी. पिशवीत पिशवी.
आत सिव्हिलचा डिस्चार्ज कागद,
सुरगाण्याच्या रेशनकार्डाचा अर्धा भाग
(उरलेला दिराकडे),
आणि एक आधार, पत्ता गावचा,
फोटो कुणाही बाईचा असेल असा.
गावच्या यादीत तिच्या नावापुढं शेरा होता: स्थलांतरित.
म्हणजे गेली.
कुठं गेली, त्याला रकाना नाही.

नियम असा आहे:
ज्याला घर नाही त्याच्याकडे कागद मागू नये.
रात्री जावं, एकाहून अधिक वेळा,
आणि तो सांगतो तिथं खरंच झोपतो का, ते पाहावं.
मी हे दोनदा वाचलं.
मग पोळ्या करून, डबा झाकून, निघाले.

पहिल्या रात्री नव्हती.
गोधडीची वळकटी, वर धोंडा.
शेजारची म्हातारी म्हणाली, लग्न आहे दिंडोरी रोडला,
भांड्यांना गेली.
'आढळल्या नाहीत' लिहिलं आणि खोडलं.
अंबडला रातपाळीला गेलेल्या माणसाचा फ्लॅट
आपण रिकामा धरतो का?

दुसऱ्या रात्री पूर मोजावा तसा अंधार,
दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत.
ती होती. तोंडावर पदर.
ओळख पटवायची तर पदर बाजूला करायला हवा.
नाही केला.
बाहेर आलेली टाच पाहिली,
दुपारी तिनं 'ही भेग बघ' म्हणून पुढं केलेली.
तीच भेग.

टिपण लिहिता लिहिता मला माझं नाव आठवलं.
ते गंगापूर रोडला आहे, तिसऱ्या मजल्यावर,
ज्या घराची किल्ली चार वर्षांपूर्वी
चपलांच्या कपाटावर ठेवून मी जिना उतरले.
तिथं मी अजून मतदार आहे,
'पतीचे नाव' या ओळीसकट.
तेव्हापासून अकरा अकरा महिन्यांचे करार,
पाथर्डी फाटा, मग सिडको, मग पुन्हा सिडको.
गावाचे पत्ते दुरुस्त करते मी,
आणि माझा स्वतःचा नमुना आठ
पर्समध्ये घडीवर फाटत आलाय.
रात्री कुणी माझ्याकडे पाहायला आलं तर काय लिहील?
पुस्तकं खोक्यात. खोक्यांच्या सुतळ्या
अजून सोडलेल्या नाहीत.

'झालं का बघून?'
पदराआडून आवाज. झोपलीच नव्हती ती.
'झालं.'
'मग उभी काय? बस ना. ही कोरडी आहे.'

बसले.
दगड दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट.
खाली कुणीतरी द्रोण सोडला होता,
तो पुलाच्या खांबाला अडून तिथंच गरगरत होता.
मोबाइलच्या उजेडात मी पेन्सिलीचं 'पायरी'
शाईनं गिरवलं.
आकड्याची जागा तशीच ठेवली.