पॉवर फॅक्टर

भोसरीची पाळी साडेपाचला सुटते.
हाताला ग्रीस तसंच, नाशिक फाट्याला बस,
शिवाजीनगरला पोचेतो हजेरी होऊन जाते.

शेवटच्या बाकावर तिघं: मी,
महावितरणचा लाइनमन गव्हाणे,
आणि लिफ्ट दुरुस्त करणारी शमीम,
जिला मोटरच्या घरघरीवरूनच कळतं, एक फेज गेलीय.

आज खळदकर सर म्हणाले,
एक पॉवर असते, तारेतून नुसती जाते नि परत येते.
काम शून्य.
पण ती नसेल तर मोटरमध्ये चुंबकत्वच उभं राहत नाही.

गव्हाणे घोरत होता.
मी वहीच्या कडेला लिहिलं:
भोसरी ते शिवाजीनगर, चार वर्षं,
मॅथ्स-तीन अजून राहिलाय.

शमीमनं वाचलं, खाली खरडलं,
'कपॅसिटर बसव',
आणि अर्धा क्रीमरोल माझ्याकडे सरकवला.