सत्ताविसावी पातळी

बोगुमिल मामा बहात्तर वर्षांचा आहे
आणि सकाळपासून चौदा वेळा मेला आहे.

खिडकीबाहेर ग्डिन्याचं बंदर, फेब्रुवारीतलं.
रंग चारच : राखी, गंजका, काळा,
आणि बर्फाचा तो पांढरा, जो पांढरा नसतो.
माझ्या खेळातही चारच.
मी म्हटलं, मुद्दाम. जुन्या यंत्रांना तेवढेच परवडायचे.
तो म्हणाला, आम्हालाही.

पडद्यावर मी आडव्या रेषा घातल्यात, बारीक, थरथरत्या,
फुगीर काचेच्या टीव्हीवर असायच्या तशा.
तीन आठवडे खपले त्या थरथरीवर.
मामानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला,
मग सवयीनं पडद्याला एक थाप मारली, बाजूनं.
"जात नाहीत," म्हणाला.
"एक अख्खं दशक आमचं या रेषा घालवण्यात गेलं, यागोदा,
आणि तू नोकरी सोडून त्या परत आणतेस?"

माझा नायक सोळा ठिपके उंच.
त्यातले तीन टोपीचे. तोंड नाही,
तोंडाला जागाच उरली नाही.
त्याला चालता येतं, उडी मारता येते,
खोकी ढकलता येतात. ओढता येत नाहीत.
भिंतीला टेकलेलं खोकं म्हणजे गेलेलं खोकं.
हे मामाला सांगावं लागलं नाही.
एकतीस वर्षं त्यानं खोकीच हलवली,
चाळीस मीटरवर, क्रेनच्या काचेच्या पिंजऱ्यातून,
खाली माणसं याच मापाची,
अशीच, तोंड नसलेली.

सत्ताविसाव्या पातळीत तीन खोकी, एक दार,
आणि मधे दोन करवती : एक वर, तर दुसरी खाली.
उत्तर माझ्या वहीत आहे. एकोणीस चाली.
सातवी उलटी वाटते, तीच खुबी.
त्या सातव्या चालीपायी मी दोन रात्री घालवल्या,
आणि सेवेरिनलाही, जो नुसतं म्हणायचा, जेवायला चल.

चौदाव्यांदा मेल्यावर मामानं
कळफलकावरचे हात उचलले, गुडघ्यांवर ठेवले.
मला वाटलं, झालं, कंटाळला.
पेल्यातला चहा, लिंबाची चकती तळाला.
एक घोट. करवती वर-खाली.
दुसरा घोट.
"मामा, हलव ना त्याला."
"वारा आहे," म्हणाला.
खेळात वारा नाही. मी वारा केलेलाच नाही.

तरी तो बसून राहिला, डोळे बारीक करून,
जसा कधी लटकत्या कंटेनरचा झोका मोजायचा.
एक मिनिट. दोन. खसखशीच्या केकचा तुकडा.
आणि मग मला दिसलं :
मीच लिहिलेल्या आकड्यांत कुठेतरी
एक करवत मागे पडत होती,
दर फेरीला केसभर,
एकाच घरातल्या दोन घड्याळांसारखी.
चौथ्या मिनिटाला दोन्ही एकदमच वर गेल्या
आणि खाली वाट मोकळी,
जेमतेम एक टोपी जाईल इतका वेळ.

मामानं एक बोट टेकवलं.
छोटा माणूस चालत गेला.
उडी नाही, खोकं नाही.
तिन्ही खोकी जिथल्या तिथे,
एकोणीस चाली वहीत,
पाहुणे न आलेल्या घरातल्या ताटांसारख्या.

"असंच होतं ना?"
मी म्हटलं, नाही. मग म्हटलं, हो.

चुकांच्या यादीत रात्री ओळ लिहिली :
पातळी २७, वाट पाहिली तर दार सुटतं.
शेजारच्या चौकटीत लिहायचं असतं, दुरुस्ती कधी.
तिथे अजून काही लिहिलेलं नाही.

पण हे रात्रीचं. दुपारी तो तिथेच होता,
अठ्ठाविसाव्या पातळीत, जी मी बांधलेलीच नाही :
काळा पडदा, पायाखाली एक सरळ रेघ,
आणि माझी ती थरथर.
छोटा माणूस डावीकडे वळला. उजवीकडे.
"इथे काय आहे?"
"काही नाही. वसंतापर्यंत होईल."
मामानं खुर्ची थोडी पुढे ओढली,
पेला माझ्याकडे सरकवला, गरम पाण्यासाठी,
आणि हात पुन्हा गुडघ्यांवर ठेवले.