थंड व कोरड्या जागी ठेवा

पट्टीच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत:
पंचवीस अंशांखाली, थंड व कोरड्या जागी ठेवा.
मे महिन्यात. दौलतगंजात.

नया बाजारातल्या सक्सेनांनी चष्मा कपाळावर सारला,
"इसमें ज़िंदा चीज़ है बहनजी, संभालके."
एका कॅप्सूलमध्ये पाचशे कोटी.
परीक्षा विभागात तीस वर्षं बेरजा तपासल्या मी,
अठरा रुपयांत पाचशे कोटी
हा आकडा लाल पेनाने गोल केला असता.

दाढेच्या गळवावर सात दिवस गोळ्या घेतल्या.
गळू गेलं. त्याच्यासोबत तेही गेले,
ज्यांचा मला पत्ताच नव्हता,
जे बेडईचं तेल, लग्नातलं पनीर,
उभ्याने गिळलेला डबा
निमूट निस्तरत होते.
नळाला पाणी नसलेल्या दिवशी
चौथ्यांदा बादली उचलताना
त्यांची आठवण आली.

डॉक्टर माहूरकर म्हणाले, नुसतं आत सोडून भागत नाही,
त्यांना शिधाही लागतो.
म्हणून ही पूड, आणि कांदा, आणि जरा कच्चं केळं.
वरच्या भदौरियाबाईंनी वाटीत चमचाभर जामन पाठवलं.
ती जामन म्हणते, मी विरजण.
दूध दोघींचंही ऐकतं,
फक्त या दिवसांत दुपारपर्यंत आंबून
चिडतं.

अकराला लाईट गेली.
पट्टी माठाच्या बुडाशी ठेवली: थंड, पण ओली.
कपाटात, पैठणीच्या घडीत: कोरडी, पण भट्टी.
यशवंत पलंगावरून म्हणाले,
"पाळणाच बांध आता."

थर्मामीटर काढलं, उगीचच.
तर पारा डबीतच एकशे सहावर चढून बसलेला.
खोलीलाच ताप.
माठाच्या पाण्यात बुडवलं, झटकलं,
जिभेखाली धरून बसले.
बाहेर रस्ता पांढरा, कुत्रं नाही, रिक्षा नाही.

अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.

पुन्हा पाहिलं, खिडकीशी जाऊन.
म्हणजे या घडीला या घरात
माणूस सोडून
थंड असं काहीच नाही.

कोरडी नाही जागा, कबूल.
गेल्या भाडेकरूंशी मी नीट वागलेही नाही.
पण या.

यशवंतांनी विचारलं, कुणाशी बोलतेस?
मी कांदा चिरायला घेतला.
लाईट साडेचारला आली.